वासुदेवची चुकीची पद्धत

तुळजापूरच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरनं बातमी दिली. "मास्तर, तुमचे वासुदेवराव गेले." मला आधी टोचलं ते 'तुमचे'. वासुदेव माझा एकट्याचा कधी होता? तो सगळ्या गावाचा होता, आणि तेच तर माझं दुखणं होतं...

आम्ही दोघं पोरवयात नळदुर्गच्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडं योग शिकलो. त्यांची रीत कडक. पहिले काही महिने नुसतं बसायचं. पाठ ताठ, तोंड मिटलेलं, श्वास नाकानंच. आसनाचं नाव काढलं की म्हणायचे, "आधी बसता येतंय का?" मी बसलो. वासुदेव पुजाऱ्याच्या घरातला, बसल्या बसल्या शेजारच्याला हसवायचा. तरी गुरुजींचा जीव त्याच्यावरच. का, ते मला अजून कळलेलं नाही.

निजामी गेली. मी हैदराबादेहून बी. ए. होऊन आलो, आमच्या घरात सही करणारासुद्धा मीच पहिला. तुळजापूरला शाळेत लागलो आणि गुरुजींच्या रीतीनं सकाळचा वर्ग काढला. चार-दोन पोरं यायची, पंधरवड्यात तीही गळायची. तिकडं तालमीत वासुदेवचा वर्ग ओसंडून वाहायचा. हार्मोनियम, हाफ पँटी, गॅदरिंगला स्टेजवर शीर्षासनं, साहेबांच्या टाळ्या, वर्तमानपत्रात फोटो. आणि श्वास सोडायचा तो तोंड उघडून, आई भवानीच्या नावानं लांब 'उदोऽऽ' करत. मी तोंडावर म्हणालो, "वासुदेव, हा योग नव्हे, जत्रा आहे."

"मग या की जत्रंला, मास्तर. तुमच्याकडं जागा लई मोकळी असती म्हणं."

तेही पचवलं असतं. पण आमचे आप्पा... जळकोटला शेती, छातीत दम्याची घरघर. मी बरं करतो म्हणून त्यांना इथं आणलं. शिकलेला मुलगा आणखी कशासाठी असतो? माझ्यापुढं ते दोन-तीनदा बसले. मग एका सकाळी तालमीकडं निघाले. मी आडवा गेलो. "आप्पा, तिथलं सगळं चुकीचं आहे."

"आसंल," चपला घालत आप्पा म्हणाले. "पर तुज्याफुडं बसलं की परीक्षंला बसल्यावानी छाती भरून येती. त्यो हसवतोय, अन् श्वास सुटतोय."

परतले ते घामेजून, खुशीत. त्या दिवशी वासुदेवचा जितका राग आला, तितका जन्मात कुणाचा आला नाही.

पद्धत चुकीचीच होती, आजही तेच म्हणतो. गर्दी जमली म्हणजे विद्या पोचली असं होत नाही. पण माझ्याकडं विद्या जशीच्या तशी होती आणि घ्यायला कुणी नव्हतं, हेही खरंच.

वासुदेव काविळीनं गेला, तालमीला कुलूप लागलं. मला वाटलं, आता तरी आप्पा माझे. सकाळी ओट्यावर सतरंजी अंथरली. आप्पा आले, बसले, पाठही ताठ केली. मग तालमीच्या दिशेला वळून त्यांनी लांब 'उदोऽऽ' सोडला. मधेच खोकले, थांबले, पुन्हा धरला.

आता रोज हेच. मी मागं बसतो, तोंड मिटून. काल न राहवून हळूच म्हणालो, "आप्पा, नाकानं."

"व्हय, व्हय," आप्पा म्हणाले, आणि पुन्हा तोंड उघडलं.