फीन झेर्बचे चार पाले

सिंगापुरात यिशुनला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये ती राहायची. पुण्याचीच, माझ्याच वयाची. घरात बसून दोघींनाही कंटाळा आला होता, म्हणून आम्ही एका छोट्या कुकिंग स्कूलमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकायला नाव घातलं. शेवटी परीक्षा होती. पहिली येईल तिला तिथेच असिस्टंटची नोकरी मिळणार होती.

परीक्षेच्या आधीचा वर्ग माझा चुकला, मुलीला ताप होता. दुपारी मी मैत्रिणीला फोन केला.

"काय शिकवलं गं आज?"

"फीन झेर्ब. ऑम्लेटमध्ये घालायचं पाल्याचं मिश्रण. लिहून घे. थाइम, रोझमेरी, मार्जोरम आणि थोडं लॅव्हेंडर."

लॅव्हेंडर म्हणजे साबणाचा वास, एवढंच मला माहीत. मी पुन्हा विचारलं. तिने तीच यादी पुन्हा सांगितली, अगदी शांतपणे.

परीक्षेच्या दिवशी माझं ऑम्लेट चाखून शिकवणाऱ्या बाईंनी चमचा खाली ठेवला. "हे मिश्रण प्रोव्हान्सचं. मांस भाजताना घालतात. फीन झेर्बमध्ये चारच कोवळे पाले असतात, पार्सली, चाइव्हज, टॅरागॉन, चर्विल. ताजे, बारीक चिरून, अगदी शेवटी घालायचे. गेल्या वेळी हेच तर केलं आपण!"

मी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. तिच्या ऑम्लेटवर चारही पाले होते, नाजूक चिरलेले. तिने मान वर केली नाही.

परतताना एमआरटीच्या गाडीत मी विचारलं, "चुकून सांगितलंस ना?"

तिने 'हो' म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. ती म्हणाली, "तुमचा पीआर झालाय, तुम्ही इथे कायमचे. माझ्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. नोकरीची गरज मला होती."

"मला सांगायचंस. मी परीक्षेला बसलेच नसते."

"तुझे उपकार नको होते मला."

नोकरी तिलाच मिळाली. पुढे ती दोघं पुंगोलला नव्या घरात राहायला गेली. वास्तुशांतीचं बोलावणं आलं, मी गेले नाही. मुलगी विचारत राहिली, "आंटी डोन्ट कम एनीमोर, आह?"

"कामात असते गं ती," मी म्हणायचे. तिची बाजू सावरून घेताना दर वेळी मला माझाच राग यायचा.