दुसऱ्या कुलपाची किल्ली

चर्चच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली पाळकांकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, हा मंडळीचा जुना दंडक. खजिनदार म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक, सगळ्यांचे चष्मेवाले काका. किल्ली कमरेच्या पट्ट्याला अडकवून ते गावभर हिंडत. "काका, आंघोळीला तरी काढता का हो ती?" असं कुणी विचारलं की शांतपणे "नाही" म्हणत. मेणबत्त्यांसाठी आलेले पैसे ते पडद्यांना वापरू देत नसत. "देणाऱ्यानं मेणबत्त्यांसाठी दिलेत. पडदे हवेत तर पडद्यांसाठी मागा." लोक त्यांना चिकट म्हणत आणि त्यांच्याच भरवशावर बिनघोर झोपत.

अशा माणसानं जे केलं, ते एखाद्या उडाणटप्पूनं केलं असतं तर इतका संताप आला नसता.

चर्चची दफनभूमी भरली होती. कुंपणापलीकडचा तुकडा विटांच्या व्यापाऱ्याचा. त्यानं इसार घेतला, वर्षाची मुदत दिली आणि उरलेली रक्कम रोख, एकदम मागितली. मंडळीनं पोटाला चिमटा घेऊन पैसे जमवले आणि त्या कपाटात ठेवले. आईमागे काकांना वाढवलं ते त्यांच्या ताईनं. तिनं हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या. त्यांच्या वडिलांची कबर कुंपणाला अगदी लागून होती.

"कुंपण हललं की मला बाबांशेजारी ठेव," ताई म्हणाली. "दुसरं काही मागत नाही."

"ताई, अजून खूप वर्षं आहेत तुला."

"वर्षांचं राहू दे. तू जागेचं बघ."

मग अख्ख्या गावाच्या नाकावर चष्मे चढवणाऱ्या काकांनाच मोतीबिंदू झाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाळक भेटायला आले. लाघवी माणूस. त्यांनी काकांचा हात हातात घेऊन अशी प्रार्थना केली की काकांचे डोळे पाणावले. उठता उठता ते म्हणाले, "किल्ली माझ्याकडेच राहू द्या काका. तुम्हाला उगाच दगदग नको."

नियमानं ती मंडळीचा कारभार बघणाऱ्या एखाद्या पंचाकडे द्यायची. पण ज्याच्या हातात हात देऊन आत्ताच आमेन म्हटलं, त्याला "तुम्हाला नाही देणार" कसं म्हणायचं? काकांनी पट्ट्याची किल्ली सोडवून दिली.

डोळे बरे झाले, पण किल्ली परत मागायला काकांची जीभ रेटेना. मागितली तर संशय घेतल्यासारखं दिसेल, म्हणून आज मागू, उद्या मागू असं चाललं. पाळकांनीही आपणहून दिली नाही. वार्षिक सभेत पाळकांनी लिहून आणलेला कागद काकांनी उभं राहून खणखणीत वाचला, "जागेचा निधी सुरक्षित आहे." कपाट त्यांनी उघडून बघितलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण हे काका सांगत होते.

पुढच्याच महिन्यात पाळकांच्या दारात गाडी आली. "सासऱ्यांनी दिली असेल," असं म्हणून काकांनी स्वतःची समजूत घातली. मग एक दिवस विटांचा व्यापारी दुकानात आला. "मुदत टळली काका. मी वाट बघितली, कुणी फिरकलंच नाही. जागा गोदामाला देऊन टाकली."

काका तसेच तरातरा पाळकांच्या घरी गेले.

"जागेचे पैसे कुठे आहेत?"

"गाडीत," पाळक म्हणाले. आवाजात लाज नव्हती. "आजाऱ्यांना भेटायला जातो मी, प्रभूचंच काम आहे ते. एक मोठी देणगी यायची होती, ती आली की परत ठेवणार होतो. नाही आली."

"पंचांना विचारलंत?"

"पंचांनी कशाला काही विचारावं? पैसे सुरक्षित आहेत असं सभेत तुम्हीच सांगितलंत ना काका?"

काका आल्या पावली परतले. मला विचाराल तर त्या प्रश्नाला उत्तर नव्हतंच.

पुढच्या रविवारी पाळक वेदीसमोर सगळं कबूल करून रडले. मंडळी विरघळली आणि तिनं क्षमा केली. काकांना मात्र रडता येत नव्हतं. "पाळक आज आहेत, उद्या बदलून जातील. पण काका, तुम्ही?" एवढंच लोक म्हणाले आणि त्यांनी खजिनदार बदलला. जेवताना ताईच्या मोकळ्या मनगटांकडे बघायचं काकांनी सोडून दिलं.

हिवाळ्यात ताई गेली. तिला गावाबाहेरच्या सरकारी जमिनीत, अनोळखी माणसांच्या रांगेत पुरलं. वडिलांच्या कबरीपलीकडे तोवर गोदामाची भिंत उभी राहिली होती. पाळक गाडीनं आले आणि त्यांनी सुंदर प्रार्थना केली. माती लोटून झाल्यावर ते काकांजवळ आले, खिशात हात घातला आणि सगळ्यांदेखत किल्ली पुढे केली.

"ही तुमची राहूनच गेली होती माझ्याकडे. नव्या खजिनदारांना तुमच्या हातून द्या, म्हणजे सगळं रीतसर होईल."

लोक बघत होते. काकांनी हात पुढे केला.

"थँक्यू, पाळकसाहेब," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

घरी पोचेपर्यंत ते स्वतःला शिव्या घालत होते.