गप्प बसायचे आठ दिवस

परळच्या हॉस्पिटलात घशाच्या ओपीडीबाहेर माझ्या शेजारी एक शाळेतल्या बाई बसल्या होत्या, मांडीवर पाटी घेऊन. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही आठ दिवस मौन सांगितलेलं. आज सहाव्या दिवशी तपासणी होती.

बाईंनी लिहिलं, ‘जर्मनीत माझी बहीणही शिक्षिका. तिचा आवाज गेला तेव्हा पगारी रजा दिली, आवाज कसा लावायचा ते दर आठवड्याला शिकवलं.’ पदराने पाटी पुसली. ‘मला म्हणाले, गप्प बसा. वर्गात साठ पोरं!’

तेवढ्यात शिपायाने त्यांचं नाव पुकारलं. बाईंनी हात वर केला, पण तो कागदातच बघत होता. “गैरहजर,” म्हणत त्याने पुढचं नाव घेतलं.

“अहो, इथेच आहेत त्या!” मी ओरडलो.

बाई उठल्या. आत जाताना पाटी माझ्यापुढे धरली: ‘आता तुमचे आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून.’