पांढरी स्क्रीन आणि पाण्याचा तांब्या

माझ्या सुनेच्या वेब अ‍ॅपविषयी आमच्या घरात सध्या दोन कथा सांगितल्या जातात आणि दोन्ही साफ खोट्या आहेत. दौलताबादला सीताफळाची बाग सांभाळणारा माझा धाकटा भाऊ सांगतो की ते सुधारण्याची युक्ती त्याची. शहरात छावणी भागातल्या आमच्या घरी बसून माझा मुलगा सांगतो की त्या दिवशी गावात रेंजच नव्हती, बाकी सगळे ठीक होते. मुलगा तेव्हा तिथे नव्हता. मी होतो. रेंज मंद असेल. पण त्याच अंगणातून मी माझ्या फोनवर सकाळच्या बातम्या वाचत होतो.

सुनेने नोकरी सोडून वर्षभर ते अ‍ॅप उभे केले होते. कोणाच्या बागेत फळ उतरले आहे हे गिऱ्हाइकाने फोनवर पाहावे आणि थेट मागणी नोंदवावी, एवढाच उद्देश. भावाने होकार दिला तर गावातले बाकीचे बागायतदार येणार होते. तो नाही म्हणाला असता तर त्या वर्षावर पाणी पडले असते. म्हणून मी आणि सून त्याच्या अंगणात बाजेवर बसलो होतो.

भावाने आपल्या जुन्या फोनवर अ‍ॅप उघडले. स्क्रीन पांढरी. आम्ही वाट पाहिली. पांढरीच.

"पोरी, दुकान बंद दिसतंय तुझं."

"येतंय तात्या, थोडं थांबा."

"गिऱ्हाईक थांबत नसतं. दादाची सून हायेस म्हनून मी थांबलो."

"मग आणखी थांब," मी म्हणालो. "तुझ्या सासऱ्याने तुला ओट्यावर किती ताटकळत ठेवलं होतं, ते सांगू का हिला?"

भावजय पदराआड हसली. भावाने फोन खिशात घातला.

तेवढ्यात फाटकाशी एक अनोळखी माणूस आला. भावजयीने काही न विचारता त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. आम्ही मूळचे मेंढरे राखणारे. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचे, कोण कुठला ते मागाहून, ही रीत आमच्याकडे अजून मोडलेली नाही. तो पाणी प्यायला, तोंड पुसले, तेव्हा कुठे तिने विचारले, "कुनीकडचं पाव्हनं?"

सून त्या तांब्याकडे पाहत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "मामा, माझं अ‍ॅप आधी नाव विचारतंय."

तिने मला समजावले. ब्राउझरला आरंभी एक रिकामे पान मिळते. मागून कोड उतरतो, जागा होतो आणि पान भरू लागतो. तिचा कोड मात्र जागा होताच सर्व्हरला विचारत होता की हा माणूस कोण, याचे लॉगिन आहे काय. उत्तर आले की फळांची यादी मागवायची, आणि यादी आल्यावरच पहिले अक्षर दाखवायचे. घरच्या वेगवान नेटवर हे सारे क्षणात उरकत असे. म्हणून तिला ते कधी खटकले नव्हते.

तिने तिथेच लॅपटॉप उघडून कोडमधला क्रम बदलायला घेतला. त्या वेळात माझ्या भावाने शेळ्यांना पाला टाकण्यापलीकडे काहीही केले नाही. मीही काही केले नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण भाऊ अलीकडे थोडे श्रेय मलाही देऊ लागला आहे.

"तात्या, आता उघडा."

या खेपेस हिरवी पट्टी लगेच आली. तिच्याखाली अ‍ॅपचे नाव, मग राखाडी चौकोन आणि 'फळे येत आहेत' अशी ओळ. भाऊ थांबला. पाठोपाठ यादी आली. तीत तिने नमुन्यादाखल भरलेली त्याची बाग सर्वांत वर होती.

"नाव नाय इचारलं त्यानं मला," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला.

"मागणी नोंदवताना विचारेल. आधी पाणी तर घ्या."

त्याने फोन पुन्हा खिशात घातला, चपला चढवल्या आणि शेजारच्या बागायतदारांना बोलावायला तो स्वतः निघाला. त्यांना घेऊन परत येईपर्यंत युक्ती त्याची झालेली होती.