पाठीवरचा गेरू

भवानी पेठेत चादरी विकणारे मल्लप्पा आमच्या एचआयव्हीच्या दवाखान्यात अकरा वर्षं येतायत. गोळी एकदाही चुकली नाही, म्हणून रांगेतल्या सगळ्यांना उपदेश करायचा हक्क त्यांनी स्वतःच घेतलाय. परवा मात्र ते गळ्यापासून पायापर्यंत गेरू फासून आले.

"नागीण हाय, सिस्टर. पण महिना झाला, तिचं तोंड कुटं नि शेपूट कुटं, कळंना."

कळणार कसं? गेरू धुतला, तर अंगभर खपल्या धरलेल्या जखमा. तपासणीत सिफिलिस निघाला. एचआयव्ही असला की तो कधी कधी असा अंगभर उसळतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी बरा होतो, पण ज्याच्याशी संबंध आला त्यालाही तपासावं लागतं, असं मी त्यांना सांगितलं.

"माझं कोन हाय? बायको जाऊन नऊ वर्षं झाली. एकटा जीव."

मला भडकायला फार लागत नाही. "मग पाठीच्या मधोमध गेरू कुणी लावला?"

मल्लप्पा घाईघाईनं सदरा शोधायला लागले. तेवढ्यात रांगेत नेहमी त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सारजाबाई लाल बोटं पदराला पुसत आत आल्या.

"माझंबी रक्त घ्या की, सिस्टर."