माझं नाव काढा

करंज्याला सुकी मासळी विकणाऱ्या रंभाबाई नाखव्यांची मुलगी संजना पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करते. तिचा पहिला विषय होता टेराहर्ट्झ लहरींचा. वीज जोडलेल्या एका छोट्या चिपवर लेझरचा झोत मारला की या लहरी निघतात. डोळ्यांना दिसत नाहीत, प्लास्टिकमधून सहज पार होतात, पाण्यात मात्र विरून जातात.

तिचे गाईड डॉ. उदयसिंह यांनी नवी चिप बनवून घेतली होती. तिच्यातून आधीच्या दुप्पट लहरी निघतात, असा पेपर तयार झाला. मोजमाप सगळं संजनाचं, म्हणून पहिलं नावही तिचंच.

एका दुपारी ती चिपला वीज द्यायला विसरली. तरीही मीटरवर आकडा दिसतच राहिला. वीज नसेल तर लहरी येणार कुठून? तिने प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरलं, पिशवी चिप आणि मीटरच्या मधोमध टांगली आणि वीज चालू केली. आकडा शून्यावर यायला हवा होता, पण जेमतेम घसरला. म्हणजे चिपच्या कडेने निसटून पाण्यातूनही पार होणारा लेझरचा उजेडच मीटर मोजत होता.

ती तडक सरांकडे गेली.

"दमट हवेने होतं असं," सर म्हणाले.

"दमट हवेने लहरी कमी होतात सर, वाढत नाहीत."

"पेपर पाठवून देऊ. बाकी नंतर बघू."

"मग माझं नाव काढा."

"तुझी पीएचडी माझ्या सहीवर आहे, कळतंय ना?"

"कळतंय. नाव काढा."

दुसऱ्या दिवशी तिच्या कार्डाने लॅबचं दार उघडेना. ती उठून करंज्याला गेली. आई बोंबील वाळत घालत होती. संजनाने सगळं सांगितलं.

"तू खोटं बोललीस काय?" आईने विचारलं.

"नाय, आये."

"मंग मान खाली कशाला घातलीस?"

पुढच्या महिन्यात समितीपुढे संजनाच्या कामाचा आढावा होता. तिने तिथे पिशवीचा प्रयोग मांडला आणि म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. लॅबमध्ये चला, आत्ताच करून बघा."

समितीच्या प्रमुख आशालता पेंडसे उठल्या, तसे बाकीचेही उठले. पिशवी सरांनी स्वतःच्या हाताने टांगली. आकडा पुन्हा जेमतेमच घसरला. पेपर थांबला.

त्याची किंमत संजनाने मोजली. सरांनी तिला सोडलं. लेझर आणि चिप त्यांच्याच प्रकल्पाची. पेंडसे मॅडमनी तिला आपल्याकडे घेतलं, पण विषय बदलला: लेझरच्या उजेडावर मायक्रोवेव्ह सिग्नल बसवून फायबरमधून लांब पाठवायचा. सगळं पहिल्यापासून. कँटीनमध्ये सरांचे विद्यार्थी तिच्या टेबलावर बसेनासे झाले. त्यांच्यातला फक्त निनाद यायचा.

"गप्प बसली असतीस तर यंदा डॉक्टर झाली असतीस," तो एकदा म्हणाला.

"झाले असते. आणि पेपर वाचून कुणी ती चिप मागितली असती तर? तेव्हा चालत नाही म्हणून सांगितलं असतं?"

गेल्या महिन्यात तिचा सिग्नल पहिल्यांदा फायबरच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ पोचला. तिने पेढे आणले नाहीत. निनादलाच बोलावून म्हणाली, "यात खोट काढून दाखव."

तो दुपारभर खटपट करत होता. शेवटी त्याला एक सैल जोड सापडला. संजनाने तो घट्ट केला, आधीचे आकडे सगळ्यांना दिसतील असे फळ्यावर लिहून त्यांच्यावर काट मारली आणि पुन्हा मोजायला बसली.