तिच्या पाठीतली सळई

तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. दूध शिंपडलं, राख गार केली. पाटीत हाडं गोळा करताना मेव्हण्याच्या हाताला सळई लागली. बायकोच्या पाठीतली. दोन स्क्रू अजून तिला धरून होते.

लोहगडाखालून गवताचा भारा घेऊन उतरताना ती पडली, त्याला लय वर्षं झाली. तेव्हा बसवलेली. पुढं तिनं भात लावला, पाणी भरलं, मला शिव्या दिल्या. सळई आहे हे आम्ही विसरूनच गेलो.

मागच्या साली पाठ परत दुखायला लागली. लोणावळ्याला एमआरआय काढायला नेलं. अंगावर धातू चालत नाही म्हणाले. मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. जोडवी निघेनात, ती साबण लावून ओढली. मला म्हणाली, "असं कुणी बघितलं तर वाटंल, तुमाला पोचवून आले."

फोटोत मधोमध काळा डाग. डॉक्टर म्हणाले, आतल्या धातूची सावली आहे, तिथलं काही दिसत नाही. गाठ तिथंच होती. कळली तेव्हा उपाय राहिला नव्हता.

"टाका पाटीत, दाजी," मेव्हणा म्हणाला. "अंगातलं हाय, अंगाबरोबर नदीत गेलं पायजे."

पोरगी रस्त्यावर उभी होती. तळेगावला हाडात बसवायचे नवे धातू तयार करतात, तिथं ती कामाला आहे. फोटोत सावली कमी पडेल असा धातू ते शोधतायत.

"आबा, ती मला द्या. आमच्या तुकड्याशेजारी ठेवून बघायचीय."

"आई हाय ती तुझी," मेव्हणा ओरडला. "भंगार न्हाई."

मी सळई खिशात टाकली.

दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. मेव्हणा म्हणाला, "बघा, सळई मागतीया." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणलं, "सळई पोरीला देतोय. पटत नसंल तर नको शिवू."

नाहीच शिवला. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं. घरी येऊन सळई पोरीला दिली. तिनं लोहचुंबक लावून बघितला. चिकटली नाही.

"मग सावली कशी पडती?"

"चिकटत नाही, तरी पडते, आबा."

महिन्याभरानं तिनं मोबाइलवर एमआरआयचा फोटो दाखवला. माणसाच्या अंगाऐवजी खरवसासारख्या थिजवलेल्या गोळ्यात दोन धातू बसवले होते. एकीकडं मोठं काळं भोक, ती आमची सळई. दुसरीकडं बारीक काळी रेघ, बाजूचं सगळं दिसत होतं.

"हे बसवाय लागले का माणसात?"

"नाही. अजून लय तपासायचंय."

"मग सळई?"

"लागेल अजून. मामा विचारत होता, नदीत कधी टाकायची म्हणून."

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," मी म्हणलं. "नदी कुटं पळून चाललीय."